बाक चोरल्याचं एक वर्ष

होळीची लाकडं विकत आणली तर होळी धड पेटत नाही, असं महागावाकडची पोरं मानतात. कुणाचं फाटक, कुणाची मोडकी खाट गुपचूप उचलायची. सकाळी मालकाने दारात उभं राहून शिव्या घालायच्या, की विषय संपला. अठराव्या वर्षी मंदारने यात नको तेवढी हुशारी दाखवली. त्याने पोलीस चौकीपुढचा बाक उचलला. सागवानी होता, सुरेख जळला.

जुना फौजदार असता तर चार शिव्यांवर भागलं असतं. पण हा लांबून बदलून आलेला. त्याला इथली होळी कळत नव्हती, सरकारी मालमत्ता तेवढी कळत होती. गुन्हा दाखल झाला, मंदारने कबूलही केला, आणि न्यायाधीशांनी हसू दाबत शिक्षा सुनावली: कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. मंदार अकरापासून साडेपाचपर्यंत बसला, दोनदा पेंगला आणि एसटीने घरी आला.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. मधल्या काळात पठ्ठ्या बी. फार्म. झाला, तोही पहिल्या वर्गात. पण नोकरीच्या अर्जात 'कधी शिक्षा झाली आहे का?' हा रकाना आला की घोडं पेंड खायचं. दिग्रसला दुसऱ्याच्या मेडिकलात गोळ्या देण्यातच जन्म जाणार, असं वाटत होतं. तेवढ्यात यवतमाळच्या एका दवाखान्यात फार्मासिस्टची जागा निघाली. तिथल्या विश्वस्त शीलाताई सुधारकी वळणाच्या; शिक्षा भोगून सुधारलेला माणूस त्यांना चालत होता. फक्त पोलिसांचा दाखला हवा होता.

ठाण्यात कंप्युटरवर नयन नावाचा शिपाई होता.

"शिक्षा किती टाकू जी?"

"साडेसहा घंटे."

"घंटे नाही घेत हे. नुसते वर्षं घेते."

"मंग शून्य टाका."

"शून्य टाकलं का लाल होते. म्हणते, आरोपीनं शिक्षा भोगलीच नाही. मंग तुमाले इथंच बसवा लागन." नयनने डोकं खाजवलं. "एक टाकतो. याच्यात लहानात लहान तेवढंच आहे."

"अन् दुरुस्ती?"

"अर्ज मुंबईले जाते. इकडून गेलेला मी पाह्यला, तिकडून आलेला नाही पाह्यला."

दाखला छापून आला: चोरी, कारावास एक वर्ष.

शीलाताईंनी तो दोनदा वाचला. मंदारने बाक सांगितला, होळी सांगितली, संध्याकाळची एसटीही सांगितली. ताईंचा चेहरा उतरत गेला.

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "गुन्हा कबूल न करणारा माणूस सुधारला असं कसं म्हणू? खोटं बोलणाऱ्याच्या हाती औषधांच्या कपाटाची किल्ली मी देणार नाही."

खरं बोलून पंधरा वर्षं मंदारने काय कमावलं होतं?

"होतो मॅडम," तो म्हणाला. "वर्षभर आत होतो."

आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. पाणीदार डाळ, पहाटेची मोजणी, सतरंज्या विणायला शिकवणारा म्हातारा कैदी. गोष्टीच्या शेवटी म्हाताऱ्याला त्याने मारूनही टाकलं. ताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"तुमच्या वडिलांचा नंबर द्या. असा मुलगा घडवणाऱ्याचं अभिनंदन मीच करते."

मंदारचा बाप म्हणजे बबनराव. व्यापाऱ्याने हात लावण्याआधीच 'तूर ओली आहे बरं का' असं सांगून आपलाच भाव पाडून घेणारा माणूस. पण नंबर न देऊन चालणार होतं थोडंच? ताईंनी स्पीकर लावला.

"तुमचा मुलगा वर्षभर तुरुंगात होता, हे त्याने मोठ्या मनाने कबूल केलं. आम्ही त्याला नोकरी देतोय. खरंय ना, बबनराव, एक वर्ष?"

पलीकडे कुठेतरी बैल हंबरला.

"हो जी बाई," बबनराव म्हणाले. "वर्षभर होता. दर आयतवारी भेटाले जात होतो मी. याची माय भाकरी बांधून दे, अन् तिथला शिपाई निम्मी खाऊन टाके."

ताईंनी किल्ली मंदारच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, आता रडू नका. पण त्याला आवरेचना. बाप जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि मंदारपेक्षाही सफाईने बोलला होता.