मधाच्या रंगाच्या वेण्या

आंटी अबराफी माझ्या सलूनमध्ये शिरली, कुणाला नमस्कार नाही की चमत्कार नाही, आणि माझ्या बहिणीची हनुवटी दोन बोटांत धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. टोमॅटो घेताना बघतात ना, तसं.

"फोटोत इतकी काळी दिसत नव्हती," ती म्हणाली.

दुफी हसली. माझी धाकटी बहीण आहेच तशी, कुणी थोबाडीत दिली तरी आधी हसेल. ही अबराफी तिची होणारी सासू. शनिवारी तिचा मुलगा अग्येमान आपली माणसं घेऊन आमच्या दारात मागणी पक्की करायला येणार होता, आणि त्या दिवसासाठी दुफीच्या वेण्या मी घालणार होते. अख्ख्या कुमासी शहरात दुसरी कोण घालणार? सख्खी बहीण इथंच असाफो भागात सलून चालवत असताना?

अबराफीनं आरशापुढच्या फळीवर पिशवी उपडी केली. कृत्रिम केसांचे पुडेच्या पुडे, सगळे मधाच्या रंगाचे. आमच्या धंद्यात त्याला सत्तावीस नंबर म्हणतात.

"हे घाल तिला. काळ्या केसांनी ही आणखी काळी दिसते. ह्यानं जरा तोंड उजळेल. आमच्याकडून शे-दीडशे माणसं येणार आहेत, मला खाली मान घालायला लावू नका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण धंद्यात बसलेय, म्हणून आधी धंद्याचं बोलले. दुफीला दारात उजेडात उभी केली, गळ्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळला, म्हणजे कपड्याचा रंग तोंडावर पडत नाही. एका गालाशी मधाची बट धरली, दुसऱ्या गालाशी गडद वाइनच्या रंगाची.

"आता बघा, आंटी. दुफीच्या काळ्यात आत तांबडं आहे. तिच्या हिरड्या बघा, तळहात बघा. मधाकडचा गाल कसा दिसतोय? चुलीतली राख फासल्यासारखा. चार दिवस तापानं पडली होती असं वाटेल. आणि हा वाइनकडचा बघा, कसा आतून तापलेल्या तांब्यासारखा वर आलाय."

खुर्च्यांत बसलेल्या दोन गिऱ्हाइक बायकांनी माना वळवल्या आणि "खरंच की!" म्हणाल्या. अबराफीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की दोघी पुन्हा आरशात बघायला लागल्या.

"मला नाही राख दिसत. मला उजळ दिसतेय."

"राख उजळच असते, आंटी."

"ए पोरी, ही माझ्या घरात नांदायला येणार आहे, तुझ्या सलूनमध्ये नाही. मी स्वतः तोच रंग घालते. मला कुणी आजारी म्हटलं नाही आजवर."

इथं मी गप्प बसायला हवं होतं, असं दुफी अजून म्हणते. मी नाही म्हणत. अबराफी केजेतियाच्या बाजारात लेसचं कापड विकते, आणि रंग उजळायला तोंडाला काय काय चोपडते ते अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. तोंड पिकल्या पपईसारखं, आणि बोटांची पेरं काळीभोर. मलम पेरांवर चालतच नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून!

"तुम्हाला शोभतो की तो रंग," मी म्हणाले. "म्हणजे तोंडाला शोभतो. पेरांना नाही."

ड्रायरखाली बसलेली बाई फिस्सकन हसली. अबराफीनं दोन्ही हात अंगावरच्या कापडाच्या घडीत खुपसले. आवाज न चढवता ती दुफीकडे वळली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शनिवारी ही मुलगी मी दिलेल्या रंगात समोर आली नाही, तर मागणीच्या दारूच्या बाटल्या आमच्याबरोबर परत जातील. तुझ्या बहिणीला नीट समजावून सांग."

ती गेल्यावर दुफी माझ्यावर तुटून पडली.

"तुझ्या जिभेला काही हाड? तीन वर्षं मी त्याची वाट बघतेय, सेरवा! तो तेमाच्या बंदरावर राबतोय, मी इथं दिवस काढतेय, आणि तू चार पेरांपायी सगळं उधळणार?"

"मग घाल मध! तोंडाला राख फास! आज केस, उद्या मलमाची डबी देईल हातात, तीही चोपड!"

दुफी रडली. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही. मग तिनं अग्येमानला फोन लावला. तो स्पीकरवर होता, मागे क्रेनची घरघर ऐकू येत होती.

"अगं, घाल ना आईच्या मनासारखं," तो म्हणाला. "शनिवारपुरतं तर आहे."

"तुला कसे आवडतील, ते सांग."

"मला कसेही चालतील."

"चालतील नको रे. आवडतील."

"दुफी, मी कामावर आहे. आईला कशाला दुखवायचं?"

फोन ठेवून ती दारात उजेडात गेली. टॉवेल अजून गळ्यातच होता. तिनं आरसा हातात घेतला, एक बट लावून बघितली, दुसरी लावून बघितली. मग येऊन खुर्चीत बसली.

"वाइन घाल."

"आणि सासू?"

"सासूशी नाही लग्न करत मी. त्यानं एकदा चारचौघांत म्हणावं, ही मला अशीच हवी. एवढंच ऐकायचंय मला. म्हणाला तर सासूचे सगळे रंग सोसेन."

मी घातल्या. गडद वाइनच्या, बारीक, कमरेपर्यंत. शनिवारपर्यंत डोक्याला रुमाल बांधून ठेव म्हटलं.

उरले ते मधाचे पुडे. ते फेकायचे कशाला? आमची चुलतबहीण पोकुआ टपूनच बसली होती. पोकुआ गव्हाळ, नाकीडोळी तरतरीत. तिच्या रंगावर मध असा बसला, जणू जन्मतःच लावून आली होती. आता आमच्यात मागणीच्या दिवशी खरी नवरी एकदम कुणी बाहेर काढत नाही. आधी दुसरीच कुणी डोक्यावरून कापड घेऊन नाचत येते. मुलाकडच्यांनी "ही आमची नव्हे" म्हणून तिला परत पाठवायचं, चिडवाचिडवी करायची, आणि मग खरीला आणायचं. ती खोटी नवरी ह्या वेळी पोकुआ होती. वेण्यांची टोकं कापडाखालून बाहेर लोंबू देत, हे तिला मीच सांगितलं. अबराफीला लोकांसमोर तोंडघशी पाडायचं होतं मला, आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

शनिवारी अंगणात मांडव, दोन्हीकडे समोरासमोर खुर्च्या. अबराफी सोनेरी लेसमध्ये पहिल्या रांगेत. शेजारी अग्येमान, खांद्यावर केंटेचं रंगीबेरंगी कापड, घामानं डबडबलेला. मधल्या टेबलावर त्यांनी आणलेल्या बाटल्या, कापडं, अंगठी. आमच्या बाजूनं बोलायला घराण्यातली थोरली बाई, नाना अताआ होती. त्या म्हातारीच्या तोंडी कुणी लागत नाही.

ढोलक वाजलं आणि पोकुआ आली. नखशिखांत झाकलेली, कंबर हलवत, आणि मधाच्या वेण्या मागे झोके घेत होत्या.

"काय हो पाहुणे," नाना अताआनं विचारलं, "तुमची ती हीच का?"

त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या बाईनं तोंड उघडायच्या आत अबराफी उठून उभी राहिली. तिनं त्या वेण्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. जिंकल्यासारखी हसली.

"हीच! हीच आमची!" ती ओरडली, आणि पुढं येऊन आपली लेसची शाल तिच्या खांद्यावर टाकली. "आणा बरं माझ्या सुनेला इकडे!"

नाना अताआनं वरचं कापड ओढलं. आत पोकुआ, च्युइंग गम चघळत.

"सासूबाई," ती म्हणाली, "माझी खोली कुठली?"

मांडव हास्यानं कोसळायचा बाकी राहिला. "पदरी पडलं पवित्र झालं!" नाना अताआ ओरडली. "आता हिलाच घेऊन जा, रंगासकट!" त्यांच्याकडचे म्हातारेसुद्धा मांड्या थोपटत होते. मी पोट धरून हसले. अबराफी शाल परत घ्यायला धडपडत होती, आणि पोकुआ काही देईना.

मग दुफी आली. कापड नाही, रुमाल नाही. वाइनच्या वेण्या आणि तिचा तो काळाभोर चेहरा, असा झळाळत होता की हसणारे आपोआप थांबले. त्यांच्याकडच्याही कुणा बाईनं तोंडावर हात ठेवला. अबराफी खुर्चीत बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "फसवलंत आम्हाला."

तिकडे लक्ष न देता आमचा अदुसेई मामा उठला. मुलीला विचारायचं काम मामाचं.

"दुफी, ह्यांनी बाटल्या आणल्यात. आम्ही त्या घ्यायच्या का? एकदा प्यालो की ओकून परत देता येणार नाहीत. तीनदा विचारणार आहे, विचार करून सांग."

"मामा, त्याआधी मला एक विचारू द्या," दुफी म्हणाली आणि अग्येमानकडे वळली. "पोकुआ माझ्याहून वीतभर उंच आहे. तिची चाल तुला ठाऊक आहे. ती मी नव्हे, हे तुला कळलं नाही?"

"कळलं की!" तो हसून म्हणाला, अगदी अभिमानानं. "पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

अग्येमाननं आईकडे पाहिलं. ह्यात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्याला उमगत नव्हतं.

"आई हो म्हणून गेली होती ना."

अबराफीनं मान डोलावली, मुलगा बरोबर बोलला म्हणून.

"विचारा, मामा," दुफी म्हणाली.

"घ्यायच्या का बाटल्या?"

"नको."

मामानं आमच्या आईकडे बघितलं. आईनं डोळ्यांना पदर लावला होता. "दुफी, बाटल्या घ्यायच्या का?"

"नको."

तिसऱ्यांदा विचारताना मामाचा आवाज कापत होता. दुफीचा नव्हता.

त्यांच्याकडच्या बायका न बोलता टेबल आवरायला लागल्या. अबराफी आधीच फाटकापाशी पोचली होती, ड्रायव्हरच्या नावानं ओरडत होती. अग्येमान मात्र अंगठीची डबी घेऊन मांडवाच्या मधोमध उभा होता.

"दुफी," तो म्हणाला, "अगं, आता मी काय करू?"

"तुझ्या आईला विचार," दुफी म्हणाली.