परातीतलं इंजिन

माहीम गावच्या कृष्णकांतानं जुनी मोटारसायकल घेतली, ती बायकोला, दमयंतीला, दांडी गावी तिच्या आईकडे न्यायला. गाडी चालत होती. पण त्याला ती वाऱ्यासारखी पळायला हवी होती. वाडीतल्या पानवेलींना पाणी दिलं की तो ओसरीवर इंजिन उघडून बसे. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, घासून पातळ करी, हवेची वाट काचकागदानं घोटून गुळगुळीत करी. जोडी, दामटून बघी आणि पुन्हा उघडी.

"अवो, माझ्या परातीत पिस्टन! भाकरी काय तुमच्या डोक्यावर थापू?" दमयंती हसायची. "हाय तशी चालवा की. आये वाट बघते."

"थांब गो, अजून थोडी पळेल."

एके सकाळी दांडीहून सांगावा आला, आयेचं काय खरं नाय. इंजिन तेव्हाही परातीत सुटं पडलं होतं. दमयंती बैलगाडीनं निघाली. पोचली तेव्हा आई गेली होती.

बाराव्याला त्यानं गाडी जोडली आणि दमयंतीला आणायला दांडीला गेला. परतताना गाडी खरंच वाऱ्यासारखी पळाली. मागे बसलेली दमयंती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

"सावकाश चालवा. आता कसली घाय हाय?"

कृष्णकांतानं मूठ सैल केली. इतकं गोड वाजणारं इंजिन त्याला ऐकवेना.