दर पाचवं बटण

धाकट्या भावाला जाऊन दोन महिने झाले, तरी ताईच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मावशीनं तोंडावर सांगितलं, "रडून घे गं, दगड होशील अशानं." ताईनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवते. या दोन महिन्यांत तिच्या हातून एकही काच तडकली नाही. दुःखात माणसाचे हात थरथरतात म्हणे. हिचे नेहमीसारखेच चालत होते, आणि त्याचीच तिला थोडी लाज वाटत होती.

तिला हवी होती एकच गोष्ट. बॉक्सिंगचा एक अर्धवट सामना.

लहानपणी दोघं गेम कन्सोलवर तो खेळ खेळायची आणि ताई दरवेळी मार खायची. मग कन्सोल बिघडला, दोघं मोठी झाली, ताईचं लग्न झालं आणि मोडलंही. ती माहेरी परत आली त्या वर्षी धाकट्यानं तोच खेळ संगणकावर चालवून दाखवला. एम्युलेटर म्हणायचं त्याला: जुना कन्सोल असल्याचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. आणि काय नवल, ताई जिंकायला लागली. धाकटा बटणं बडवायचा, कंट्रोलरला शिव्या घालायचा. ताई म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं." स्वयंपाकघरातून आई विचारायची, "कोण जिंकलं?" आणि अकरा वर्षं एकच उत्तर जायचं, "मी!" दुसरं काही जिंकल्याचं त्या वर्षांत तिला आठवत नव्हतं.

शेवटच्या रविवारी दुकानातून फोन आला आणि ताईला उठावं लागलं. धाकट्यानं सामना होता तिथेच सेव्ह केला. "आलीस की पुढे," म्हणाला. ती संध्याकाळी आली तेव्हा तो दवाखान्यात होता, आणि तिथून परत आला नाही.

त्याचा संगणकही पुढे बंद पडला. धाकट्याचा ऑफिसातला मित्र, दाढीवाला, यानं त्यातली डिस्क काढून ताईच्या संगणकाला जोडली. सेव्हची फाइल शाबूत होती, पण बाजारातला कुठलाही एम्युलेटर ती उघडेना. माप जुळत नाही, एवढंच म्हणायचा. दाढीवाल्यानं खुलासा केला. धाकट्यानं एम्युलेटरच्या मूळ कोडमध्ये काहीतरी स्वतःचं घातलं होतं, तेव्हा त्याच्याच फोल्डरमधून प्रोग्रॅम पुन्हा बनवावा लागेल. कम्पाइल करावा लागेल. मी येऊन करून देतो, असंही म्हणाला. ताई म्हणाली, नको, फोनवर सांगा, मी करते.

रविवारी सकाळी ती बसली. दाढीवाल्यानं सांगितलेली ओळ टाइप केली आणि काळ्या पडद्यावरून अक्षरं धावायला लागली. मधूनमधून पिवळ्या सूचना यायच्या. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, असं दाढीवाल्यानं बजावलं होतं. नुसती कुरकुर असते, लाल दिसलं की थांबा. ताईला मावशी आठवली. एकशे चाळीस फाइली बिनबोभाट पार पडल्या आणि पुढचीला लाल आलं.

ती फाइल कंट्रोलरची होती. जुन्या कम्पायलरनं चालवून घेतलेली एक चूक नव्याला खपत नव्हती. वर एक ओळ वाढवा, असं म्हणून दाढीवाल्यानं ती ओळ फोनवर अक्षर अक्षर सांगितली. ताईनं ती लिहिली, आणि काच घासल्यावर आरपार बघायची सवय, म्हणून फाइल खालपर्यंत वाचत गेली. कोड तिला कळत नव्हता. मधे मराठी आलं ते कळलं.

"माझं दर पाचवं बटण गिळायचं. तीन ठेवलं तर ताईला संशय येतो. सातला ती हरते."

तिनं ते दोनदा वाचलं. राग यायला हवा होता, निदान काहीतरी व्हायला हवं होतं. तिनं ते दाढीवाल्याला वाचून दाखवलं, आवाजही हलला नाही.

तो म्हणाला, "ते काढून टाकता येईल. पण मग तुमचा सामना उघडायचा नाही. कितवं बटण चाललंय तो आकडाही सेव्हमध्येच आहे."

"राहू द्या," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

या खेपेला लाल आलं नाही. सामना उघडला. शेवटची फेरी. लाल बनियनवाली ताई, निळा धाकटा, दोघांचीही ताकद संपत आलेली. ताईचा कंट्रोलर टेबलावर होता. तिनं तो तिथेच ठेवला आणि धाकट्याचा उचलला.

निळ्यानं एक ठोसा मारला. दोन. तीन. चार. पाचव्याला बटण दाबलं गेलं, टक् आवाजही आला, पण निळा नुसता उभा. तिनं पुन्हा दाबलं, जरा जोरात, आणि तिच्या लक्षात आलं की तोही असाच दाबायचा. पुन्हा चार बसले, पुन्हा एक गिळला. समोर लाल बाई हात खाली सोडून उभी होती, तरी निळ्याला वेळ लागत होता. अकरा वर्षं तो हे अंगठ्याखाली घेऊन बसला होता, आणि वर तिच्याकडून अंगण वाकडं ऐकून घेत होता.

लाल बाई आडवी झाली. घंटा वाजली, निळ्यानं हात वर केले.

ओळखीचा आवाज ऐकून आईनं आतून सवयीनं विचारलं, "कोण जिंकलं गं?" आणि मग स्वयंपाकघरातली खुडबुड एकदम थांबली.

"तो," ताई म्हणाली. तेवढंच म्हणता आलं. पुढे तिला समोरचं काही दिसेना, आणि धाकट्याचा कंट्रोलर ओला व्हायला लागला.