कोरडा आवाज

बिभीषण अण्णांनी मिक्सरवरचं एकोचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि लेकीकडे पाहिलं. करिष्माने सात तारांच्या गिटारची जाड तार तळहाताने दाबून छेडली. एक घाव पडला आणि त्याचेच पडसाद एकावर एक चढत गेले.

“आता कसं भरलं,” अण्णा म्हणाले. “मघाशी लई कोरडं वाटत हुतं. गाणं हाय का गिरणी, तेच कळंना.”

मुंजाजी हसला. वडवणीपासून पाटोद्यापर्यंतच्या लग्नांत तो अण्णांच्या जोडीने स्पीकर बांधत आला होता.

तो कोरडेपणा करिष्माने पुण्यात बँडबरोबर खपून जुळवला होता. आवाज खरखरीत करणारा गेन कमी, खालचा घुमणारा बास कापलेला, मधले सूर पुढे. वाकड्या ठेक्यातला प्रत्येक घाव सुटा ऐकू आला, तरच त्यांचं गाणं उभं राहायचं. अण्णा चहाला गेले की ती बटण मागे फिरवायची, ते परतले की पुन्हा पुढे. वाद कधी झालाच नाही. त्या संध्याकाळी अण्णांनी बटण शेवटचं फिरवलं, घरी जाऊन जेवले आणि सकाळी उठले नाहीत.

गणपतीत गावच्या मंडळापुढे तिचा कार्यक्रम आधीच ठरला होता. तो रद्द करावा असं सगळ्यांनी सुचवून पाहिलं. वच्छला आत्याने स्पष्टच विचारलं.

“वरीस सरायच्या आत गिटार वाजवणार? लोकं काय म्हणतील?”

“म्हणू द्या,” करिष्मा म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मैदानावर मुंजाजीने मिक्सरची पेटी उघडली. बटणांना हळदकुंकू लावलेलं होतं आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी ताणलेली. अण्णांनी ठेवलं तसंच सगळं ठेवलंय, त्याने सांगितलं. मधली लग्नं, भाषणं, सगळं त्याच मांडणीवर झालं. कुणी तक्रार केली नव्हती.

ती तशीच वाजवायला लागली. बँडचे ड्रम सुरू होताच गिटारचा चिखल झाला. ठेका बुडाला. मांडवात बसलेल्या आत्याने पदर डोळ्यांना लावला. भाऊ इथंच असल्यावानी वाटतंय, ती शेजारणीला म्हणाली.

करिष्मा थांबली. गिटार गळ्यात तशीच ठेवून खाली उतरली आणि चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं. मुंजाजीने तिचं मनगट धरलं.

“ताई, त्यांचा शेवटचा हात हाय ह्यो. फिरवलं की गेलं. पुन्हा कुणाला जमायचं न्हाई.”

“माहितीये, काका.”

तो मनगट सोडेपर्यंत ती थांबली. मग पट्टी सोलली. एको शून्यावर आणला. बास कापला, मधले सूर वर घेतले. बोटांना कुंकू लागलं, ते तिने पुसलं नाही.

मंचावर जाऊन तिने तार दाबून छेडली. घाव पडला आणि जिथल्या तिथे संपला. दुसरा पडला, तिसरा पडला. ड्रमवाल्याने मान डोलावली. ठेका आता मोजता येत होता.

आत्या उठून उभी राहिली. मांडवातले लोक तिच्याकडे आणि मग मंचाकडे बघू लागले. मुंजाजी रिकामे हात घेऊन मिक्सरपाशी उभा होता.

करिष्माने माईक जवळ ओढला. तिचा श्वास सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

“अण्णा,” ती म्हणाली, “तुमचं चुकत हुतं.”