दहा मायक्रोग्रॅमचा हक्क

काल्हेरला केसरीनाथ शेठच्या कारखान्यात भूक वाढवणाऱ्या औषधाची पावडर चाळली जायची. उडणारी पावडर नाकात जाऊन तिथल्या राहीबाईला सारखी भूक लागायची आणि मधूनच झोप यायची. एकदा डुलकी लागून ती स्टुलावरून पडली, दात मोडला. घाबरून शेठनं सेफ्टीसाठी ईरा मॅडमना नेमलं. ही २००६ सालची गोष्ट.

श्वासातून ही पावडर किती गेली तर चालेल, हा आकडा सरकारी यादीत नव्हता. ईरानं तो स्वतः काढला. ज्या डोसानं अंगावर परिणाम होतो, त्याच्या कितीतरी खाली. एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त दहा मायक्रोग्रॅम. मग धूळ कोंडणारी बंद चाळणी बसवली आणि पाटी लावली: ‘मंजूर मर्यादा १०’.

दुसऱ्याच दिवशी पॅकिंगचा काळूराम दारात उभा.

“मॅडम, चाळणीवाल्यांना धा मंजूर. आमाला किती?”

“शून्य. तुमच्याकडे धूळच नाही.”

“म्हंजे आमी सावत्र हाव?”

मागून राहीबाई आली. “नवीन मशीन आल्यापास्नं हवेत दोनच हाय म्हनतात. माझे आठ कुनी खाल्ले?”

“अहो, ही वाटणी नाही, मर्यादा आहे! रस्त्यावर साठची पाटी असते ना, तशी.”

“मंग साठच्या खाली कोन चालवतो?” काळूराम म्हणाला.

दुपारी सगळे काम थांबवून गेटवर बसले. शेठ वैतागले, “देऊन टाका ना दहा-दहा! आपला काय तोटा?”

हवेतली धूळ मोजणारं मीटर दाखवायला ईरा शेठना ओढतच चाळणीच्या खोलीत घेऊन गेली. तिथं खुर्चीत शेठची आई, आक्का, मास्क हनुवटीवर ओढून सुकट-भाकरी खात होती.

शेठ ओशाळले. “घरी घास जात न्हवता तिला. म्हटलं, इथं बसवावी.”

“पण आता इथल्या हवेनं भूक लागतच नाही, शेठ!”

“हवा मेली कशाला लागते,” आक्का म्हणाली. “इथं बायका बोलायला असतात. घरी भिंतीकडं बघून जेवायचं.”

ईरानं तिला हाताला धरून बाहेर आणलं. संध्याकाळी तडजोड झाली. न मिळालेल्या आठ मायक्रोग्रॅमबद्दल चाळणीवाल्यांना रोज एक प्लेट पोहे. पॅकिंगचे पुरे दहा बुडाले, म्हणून त्यांना पोह्यांवर एक उकडलेलं अंडं. शेठनं गंभीरपणे सही केली. आवारात सतरंजी पडली, आक्का मधोमध बसली.

“मॅडम, हापिसात तुमाला किती मंजूर?” काळूरामनं विचारलं.

“शून्य.”

“अरारा! बसा, बसा,” म्हणत त्यानं आपलं अंडं तिच्या हातावर ठेवलं.