गप्प बसण्याला शून्य

डॉक्टरांना शिकवणाऱ्या विभागात मी एकोणीस वर्षं कारकून होते. वेळापत्रकं लावायची, परीक्षेचे कागद छापायचे, आणि वर एक जास्तीचं काम: परीक्षेत बसायचं. म्हणजे मी कुणातरी आजारी माणसाची बायको व्हायचं आणि शिकाऊ डॉक्टरने मला वाईट बातमी सांगायची. तो कसा बोलला याचे दहा गुण माझ्या हाती. "ताईंनाच बसवा, त्या खोटं बोलत नाहीत," असं आमचे विभागप्रमुख म्हणायचे. त्यावर टंकलेखक हळूच म्हणे, "मग नाटक कसं जमतं त्यांना?"

खोटं न बोलण्याचा माझा नेम. रोज सकाळी देवापुढे तो नव्याने घेते. गुणही तसेच द्यायची. कागदावर दहा ओळी असत. स्वतःचं नाव सांगितलं का, सोबत कुणी आहे का विचारलं का, धीर दिला का. ओळ झाली की एक गुण.

तीन वर्षांपूर्वी एक बारीक चणीची मुलगी आली. नाव सांगितलं, सोबत कुणी आहे का विचारलं, "काकू, तुमच्या यजमानांचा आजार..." एवढं म्हणाली आणि पुढे बोलेचना. माझा हात हातात घेऊन घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिली. तळवा घामाने ओला झाला होता तिचा. तो हात सोडावासा मला वाटत नव्हता. तरी मी कागदाशी इमान राखलं. दोन गुण. ती नापास झाली, सहा महिने मागे पडली.

गेल्या वर्षी खरोखरच माझ्या यजमानांच्या फुफ्फुसाचा अहवाल आला. सांगणारा डॉक्टर आमच्याच परीक्षेतून गेलेला. एकही ओळ चुकला नाही. सवयीने मी मनात दहापैकी दहा दिले, आणि तिथेच माझा हात धरून बसलेली ती मुलगी आठवली. परत येताना बसमध्ये यजमान म्हणाले, "चांगला बोलला गं मुलगा."

"हो," मी म्हटलं. त्या दिवशी नेम मोडला.

आता त्यांच्यापाशी दिवसभर कुणीतरी हवं, म्हणून मी राजीनामा दिला. जाण्याआधी विभागप्रमुखांना विचारलं, "सर, कागदावर एक ओळ वाढवता येईल? नुसतं जवळ बसण्याची?"

"ते मोजायचं कसं, ताई? उद्या ज्याला काही येत नाही तोही गप्प बसेल."

त्यांचंही खरंच होतं.

त्या मुलीचा शेवटचा दाखला टपालाने जायचा होता. मी मुद्दाम निरोप धाडला, स्वतः येऊन घेऊन जा म्हणून. माझ्या शेवटच्या दिवशी दुपारी ती आली, गळ्यात स्टेथोस्कोप, धापा टाकत.

"बस जरा. माझ्या हातून तुझं वाईट झालं गं. तू चुकली नव्हतीस. मला तेव्हाच कळलं होतं, तरी दोनच गुण दिले."

"अहो ताई, काय हे!" ती हसली. "मी तर तुमचे उपकार मानते. तेव्हा मला शब्दच फुटायचा नाही. मग सहा महिने आरशासमोर घोकलं. आता आठवड्याला चार-पाच जणांना सांगते, कुठे अडखळायला होत नाही."

"आणि हात धरतेस का त्यांचा?"

"कसला हात?"

मी सांगितलं. तिने आठवून पाहिलं, मान हलवली. "धरला असेल हो, घाबरून."

माफी मागायला तिला एवढ्या लांबून बोलावलं, आणि तिला तर माझ्यावर रागच नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी वही पुढे सरकवली. तिने सही केली, दाखला पिशवीत घातला आणि घड्याळ पाहिलं.

"पळते हं, ताई. वॉर्डात एक बाई थांबल्यात. त्यांना सांगायचंय अजून. दोन मिनिटांचं काम आहे."