चुन्याखालची रेघ

अठ्ठ्याण्णवच्या पुरात पर्वत पाटियाच्या आमच्या गल्लीत पाणी माझ्या खांद्यापर्यंत आलं. आमच्या घरात आलं तसं भिंतीला भिंत लागून असलेल्या मोठेबाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या, घरातही आलं. थोरला भाऊ कोण, धाकटा कोण, पाण्याला काय कळतंय. नकाशाला मात्र बरोबर कळलं.

झालं असं, की आमच्या भावकीची कानबाई देवी मोठेबाबांकडे बसते. पुढच्या श्रावणात तिच्यासाठी त्यांच्या घराला चुना दिला. दिला म्हणजे माझ्या आप्पांनी दिला, धाकटे ना ते. आमच्या भिंती तशाच राहिल्या. मग पुराचा नवा नकाशा करणारे आले. ते भिंतीवरचा गाळाचा डाग बघायचे. आमच्याकडे डाग होता, आम्ही निळ्या पट्ट्यात, म्हणजे पुराच्या भागात गेलो. मोठेबाबांची भिंत पांढरीशुभ्र, ते बाहेर. पट्ट्याची कड मधल्या भिंतीवरून गेली.

आमचे घरातच दोन यंत्रमाग. विमावाला म्हणाला, निळ्या पट्ट्यातल्या मागांना पुराचा विमा मिळणार नाही. आणि विम्याशिवाय शेठ विणायला सूत देईना, कारण गेल्या पुरात त्याचं सूत आमच्याकडे भिजलं होतं.

"हेमराज, तुझे दोन्ही माग माझ्याकडे आण," मोठेबाबा म्हणाले. "नाव माझं लागेल. चालव तूच, मी पगार देईन."

"भाऊ, पाणी तर इथंही होतं."

"मला माहितीये. नकाशाला नाही ना." मोठेबाबा हसले. "चुना काय झकास मारलास रे."

आप्पाही हसले. मला राग आला तो त्यांच्या हसण्याचा.

माग पलीकडे गेले. विमावाला पाहणीला आला, तेव्हा मी उलथणं घेऊन तिथं हजर. दहावीत आहे मी, वक्तृत्वात गुजराती पोरींना हरवून पहिली आलेय, एका विमावाल्याला काय घाबरायचं?

"साहेब, एक मिनिट हां," म्हणत मी मोठेबाबांची भिंत खरवडली. चुन्याचे पोपडे पडले. खाली तपकिरी रेघ, आडवी, सरळ. मी खांदा लावून उभीसुद्धा राहिले.

"आ तो आखी लाईन पाणीमां छे," तो म्हणाला, म्हणजे अख्खी ओळच पाण्यात, आणि बॅग बंद करून निघाला.

मोठेबाबांचे स्वतःचे चार माग होते, त्यांचाही विमा गेला. मोठेबाबांनी मला बोटही लावलं नाही. आप्पांच्या कानाखाली मारली, सगळ्या गल्लीसमोर. आप्पा मान खाली घालून उभे राहिले.

आता सगळे माग बंद आहेत. दोघं भाऊ उधन्याला परक्याच्या कारखान्यात जातात, वेगवेगळ्या रिक्षांनी.

"तुले काय भेटनं वं?" आई रोज विचारते.

"नकाशा दुरुस्त झाला," मी सांगते.

आई भाकरी माझ्या ताटात न ठेवता आप्पांच्या ताटात ठेवते. मी उठून माझी घेते.